पालथी पडलेली नदी

छापखान्यात तिला सगळे काचबाई म्हणत. खालून दिवे असलेल्या काचेच्या टेबलावर ती एकोणतीस वर्षं वाकून बसली. अक्षरं-चित्रं उतरवलेल्या पारदर्शक फिल्मचे तुकडे चिमट्याने उचलायचे, नेमक्या जागी ठेवायचे, चिकटपट्टीने पक्के करायचे. तिच्या हातून सुटलेलं पान प्लेटवर जायचं, प्लेट मशीनवर चढायची, आणि मग ते पुस्तक व्हायचं. खोलीत पंखा नव्हता. वाऱ्याने फिल्म उडते. प्रकाश खालून तोंडावर पडायचा, त्यामुळे तिचे डोळे खोल गेलेले दिसायचे.

"काचबाई, तुम्ही भुताच्या सिनेमात का नाही गेलात?" मशीनमन विचारायचा.

"गेले असते. पण हिरो तुम्ही आहात असं कळलं."

फिल्मला दोन अंगं असतात. एक चकचकीत, एक मंद. चित्र मंद अंगावर असतं. फिल्म पालथी पडली तर चित्र आरशात दिसावं तसं छापलं जातं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. अक्षरं असली तर लगेच कळतं. नुसत्या रेघा असल्या तर कळत नाही. तेव्हा फिल्मचा कोपरा ओठाला लावून बघायचा. ज्या बाजूला ओठ किंचित चिकटतो, ती चित्राची बाजू; ती नेहमी वर यायला हवी. दिवसातून शंभरदा ती हे करायची. बाईंचं लग्न का राहिलं, तर सगळी माया फिल्मवरच खर्च झाली, असं मशीनमन म्हणायचा. तीही हसायची.

छापखाना यात्रेची पुस्तकं छापायचा. खिशात मावतील अशी. देशातली देवळं, नद्या, घाट. कुठे उतरायचं, किती पायऱ्या, दार कधी उघडतं, पाणी कुठे खोल आहे. प्रत्येक ठिकाणाचा एक नकाशा. काचबाईने त्यातलं एकही ठिकाण पाहिलं नव्हतं. पण शेकडो घाट तिला बोटांनी पाठ होते. बस पेट्रोलपंपापाशी वळली की तिच्या मनात यायचं, असंच उजवीकडे वळलं की घाट लागतो. मग लागायची ती साबणाची फॅक्टरी.

खराब छापलेले कागद ती घरी न्यायची. दोन खोल्यांच्या घरात ती आणि आई. आई ते कागद भिंगाने वाचायची. वाचता वाचता आईने त्यातलं एक ठिकाण निवडलं. दोन नद्यांचा संगम. मधल्या जमिनीच्या टोकावर महादेवाचं छोटं देऊळ. पुस्तकात लिहिलं होतं की एक नदी गढूळ आहे आणि एक हिरवी, आणि मिळाल्यावरही मैलभर त्यांचे रंग वेगळेच राहतात.

"दोघींचं पटत नसेल," आई म्हणायची. "पण जातायत बघ एकाच दिशेने. मला तेवढं एकदा दाखवा गं."

दाखवायचं ताईने कबूल केलं होतं. ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शाळेत गणित शिकवायची. बोलणं मोजकं, बांधा ताठ. सुट्ट्या ताईलाच होत्या. काचबाईला सलग चार दिवसही मिळायचे नाहीत. त्यामुळे आईला ताई नेणार हे ठरलेलं. आणि दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं. पेपर तपासायचे. मुलीची परीक्षा. नवऱ्याचं ऑपरेशन. "पुढच्या वर्षी नक्की," ताई म्हणायची, आणि खरंच मनापासून म्हणायची. असे अकरा उन्हाळे गेले. बाराव्याच्या आधी आई गेली.

सातव्या दिवशी काचबाई कामावर आली. घरात बसवत नव्हतं. संध्याकाळी मॅनेजरने टेबलावर एक पाकीट ठेवलं. नवीन आवृत्तीसाठी नकाशे पुन्हा काढून घेतले होते. पाकिटातला तिसरा नकाशा त्या संगमाचा होता.

फिल्मवर नुसत्या रेघा होत्या. नावं वेगळ्या पट्ट्यांवर. देवळाला झेंड्याची खूण, गावाला ठिपका, पुलाला दोन आडव्या रेघा. खूण बघायची आणि नावाची पट्टी तिथे लावायची. तिने फिल्म काचेवर ठेवली आणि बघत बसली. दोन नद्या खालच्या दिव्याने उजळल्या होत्या. एक या बाजूने येत होती, एक त्या बाजूने. किती वेळ बघितलं ते तिला नंतर सांगता आलं नाही. मग तिने एकेक पट्टी उचलली. देवळाचं नाव झेंड्यापाशी. पुलाचं नाव पुलापाशी. सगळं अगदी सरळ, सुबक. ओठाला कोपरा लावायचा राहिला.

पुढच्या वर्षी ताई एकटीच संगमावर गेली. जाताना काचबाईकडून पुस्तक मागून घेतलं.

"तू पण चल," ताई म्हणाली.

"रजा नाही."

"रजा नाही की यायचं नाही?"

काचबाईने पुस्तकाला कव्हर घालून दिलं.

ताई पाच दिवसांनी परतली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाही झालं दर्शन."

झालं होतं ते असं. बसने फाट्यावर सोडलं. तिथून दोन वाटा फुटत होत्या. पुस्तकात लिहिलं होतं, वाट नकाशात पाहावी. नकाशात देवळाची वाट डावीकडे होती, आणि त्या वाटेवर एक छोटा पूल. ताई डावीकडे वळली. वाटेत दोघांना विचारलं, संगमाचं देऊळ इकडेच ना? दोघेही हो म्हणाले. देऊळ त्या वाटेनेही दिसायचंच. ताई चालत राहिली. पूल लागलाच नाही. एकदम नदी लागली. आणि देऊळ पलीकडे.

होड्या बांधून ठेवल्या होत्या. वर कुठेतरी पाऊस झाला होता, पाणी चढत होतं. एक म्हातारा म्हणाला, पूल त्या अंगाला आहे, पण आता पाणी वरून चाललंय, उद्याही उतरायचं नाही. ताई अंधार पडेपर्यंत काठावर उभी राहिली. सकाळची बस धरून निघाली. सोमवारी शाळा होती.

"पुस्तकात तर नीट दिलं होतं," ताई म्हणाली. "तुमच्या छापखान्याचं पुस्तक, ते कसं चुकेल? मुलांना नकाशा वाचायला शिकवते मी. डावं-उजवं मला कळत नाही होय? महादेवानेच मला चुकवलं गं. आईला आणलं नाहीस ना, मग तूही तिकडेच उभी राहा, असं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काचबाईने छापखान्याच्या कपाटातून ती फिल्म काढली. जशी लावली होती तशीच धरून वरच्या अंगाचा कोपरा ओठाला लावला. चिकटला नाही. दुसऱ्या अंगाने लावला. चिकटला.

तिने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या आवृत्तीच्या वेळी फिल्म उलटवली, नावं काढून पुन्हा लावली. नदी गुपचूप सुलटी झाली. चुकलेल्या आवृत्तीबद्दल छापखान्याला एकही पत्र आलं नाही. तिथे फारसं कुणी जात नसावं.

ताई त्यानंतर कुठल्याही देवळात गेली नाही. नास्तिक झाली म्हणावं तर तसंही नाही. देवळावरून जाताना थांबायची, चपला काढायची, रस्त्यावरच हात जोडायची, आणि चपला घालून पुढे. घरच्या लग्नातही सगळे पाया पडायला आत गेले, ही बाहेर. विचारलं तर म्हणायची, "माझं ठरलेलं आहे." जावई तिला गेटवरचा वॉचमन म्हणायचा. तोंडावर नाही.

काचबाई हे सगळं बघत होती. सांगायला हवं हे तिला रोज वाटायचं. आधी भीती होती. मग इतके दिवस गेले की आता कसं सांगणार, असं झालं. आणखी एक गोष्ट होती. ती तिने स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केली.

तिलाही तिथे जायचं होतं. आईइतकंच. कदाचित जास्त. आईने ती नदी कागदावर पाहिली होती. हिच्या हाताखालून ती कितीदा तरी गेली होती, एकदा तर पालथी. रिटायर झाल्यावर वेळच वेळ होता. छापखान्यातून निघताना तिने एकच वस्तू मागून घेतली, ती फिल्म. घरी ती खिडकीच्या काचेला लावायची. सकाळचं ऊन मागून आलं की दोन्ही नद्या उजळायच्या. तिकीट मात्र काढायची नाही. ताईला मागे ठेवून त्या देवळात कसं जायचं? आणि ताईला बरोबर न्यायचं तर आधी सांगायला हवं.

ताई संगमावरून परतल्याला बावीस वर्षं झाली. मग एका दुपारी भाचीचा फोन आला. ती ताईला घेऊन यात्रेला निघाली होती. गाडी, ड्रायव्हर, सगळं आरामात.

"मावशी, ही गाडीतून उतरतच नाही. आठ देवळं झाली. आठही ठिकाणी हिने फक्त पार्किंग बघितलं."

"नदीवर?"

"नदीवर उतरते. पाय बुडवते. देवळाकडे पाठ करून बसते. काल मी चिडले तर काय म्हणाली माहितीये? मला बोलावणं नाही, बिनबोलावता जायची मला सवय नाही. आता चौऱ्याहत्तरची आहे ती. पुढच्या खेपेला गाडीत तरी चढेल का? काय झालंय गं हिला? तुला काही माहितीये?"

"माहितीये," काचबाई म्हणाली. "परत या. मी बोलते तिच्याशी."

ताई परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी काचबाई तिच्याकडे गेली. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवत बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर.

"ये. चहा टाकते."

"थांब. आधी हे बघ."

तिने फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. ताई उठून जवळ आली.

"संगम."

"हो. आता ही अशी." काचबाईने फिल्म उलटवली. "तुझ्या पुस्तकात ही अशी लागली होती."

ताई गणिताची बाई होती. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने फिल्म हातात घेतली. एकदा या अंगाने धरली, एकदा त्या अंगाने. पुलावर बोट ठेवलं आणि फाट्यापर्यंत मागे आणलं.

"उजवीकडे वळायचं होतं."

"हो."

"कुणी लावली?"

"मी. आई गेली त्या आठवड्यात."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती होत नव्हती.

"तुला कधी कळलं?"

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ताईने चष्मा काढला. "आणि सांगितलं नाहीस."

"घाबरले होते."

"कशाला घाबरलीस? मी काय मारणार होते?"

"तू म्हणालीस ना, तुमच्या छापखान्याचं पुस्तक कसं चुकेल." ती थांबली. मग तेही सांगून टाकलं. "आणि ताई, पहिली दोन-तीन वर्षं तू बाहेर उभी राहायचीस ना, ते बघून मला बरं वाटायचं. आईला नेलं नाहीस म्हणून."

स्कूटर चालू झाली आणि निघून गेली.

ताई खुर्चीवर बसली. कोड्याच्या एका चौकोनात आकडा लिहिला, खोडला. काचबाईला वाटलं, आता बोलेल, आता चिडेल. ताई चिडली नाही.

"म्हणजे त्याने मला अडवलंच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही गं. तेच तर सांगतेय."

"म्हणजे मी आलेय हे त्याला ठाऊकही नव्हतं."

ताईचं ओझं उतरेल, एवढंच काचबाईने योजलं होतं. बावीस वर्षं ताईवर कुणीतरी रागावलेलं होतं. तिचं नाव कुठेतरी ठाऊक होतं. तेही आपण काढून घेतलं, हे तिला आत्ता दिसलं.

"छोटे," ताई म्हणाली, "आज चहा न घेता जा."

पुढचे पाच आठवडे ताईने फोन उचलला नाही. भाची म्हणायची, बरी आहे, जेवते, कोडी सोडवते. काचबाई रोज अकरा वाजता एकदा फोन करायची आणि वाजून वाजून बंद होईपर्यंत ऐकायची. खिडकीच्या काचेवर आता काही नव्हतं. फिल्म ताईकडेच राहिली होती.

सहाव्या आठवड्यात ताईनेच फोन केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"गुरुवारी निघायचं. लेक गाडी काढतेय."

"कुठे?"

"संगमावर. पण माझं एक ऐकायचं. पुलाकडून जायचं नाही. मी उभी होते त्या काठाला जायचं."

"ताई, आता तर माहितीये ना बरोबर वाट—"

"मला तिथेच जायचंय. तुला यायचं तर ये."

फाट्यावर गाडी डावीकडे वळली. काचबाईने उजवीकडची वाट काचेतून वळून वळून पाहिली. साधी डांबराची वाट होती. कडेला एक सायकल आडवी टाकलेली. पस्तीस वर्षं जिकडे जायचं मनात धरलं होतं तिकडे ती वाट वळली आणि झाडांत गेली.

नदी पुन्हा एकदम लागली. पाणी उतरलेलं होतं, काठाला गोटे उघडे पडले होते. भाची गाडीपाशी थांबली. ताई काठी टेकत खाली आली. एका जागी थांबली, दोन पावलं मागे सरकली, पुन्हा थांबली.

"इथे."

पलीकडे देऊळ होतं. चुना लावलेलं, एका बाजूने काळवंडलेलं. पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. नकाशात नसलेल्या कितीतरी गोष्टी तिथे होत्या. वाळत घातलेलं धोतर. पत्र्याची शेड. पायरीवर झोपलेलं कुत्रं.

"एवढंसंच आहे," ताई म्हणाली. "मला मोठं आठवत होतं."

दोघी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने एक नावाडी जवळ आला, पन्नाशीचा, डोक्याला पंचा.

"पलीकडे सोडू का, आई?"

"हिला सोडा," ताई म्हणाली. "हिला कधीचं जायचंय."

"तू?"

"मी बघते इथून. मला सवय आहे."

"तू नाहीस तर मी पण—"

"छोटे, माझ्या वाट्याचं तू बाहेर उभी राहू नकोस. एक वॉचमन पुरे." ताई पुढे झाली आणि तिने होडीची कड धरली, पकडून ठेवावी तशी. "चढ."

जावयाने ठेवलेलं नाव ताईला ठाऊक होतं तर. काचबाई चढली.

प्रवाहाने होडी टोकाच्या जरा खाली नेली, तिथे पाण्याचा रंग बदलला. गढूळ पाणी इथवर, हिरवं तिथून, मध्ये एक हलती रेघ. आई, बघ, असं तिच्या तोंडून निघालं. नावाड्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रेघ होडीखालून गेली.

पलीकडे ती उतरली. पायऱ्या ओल्या आणि गरम होत्या. आठव्या पायरीवर आली तेव्हा देवळाचं दार समोर आलं. आत अंधार आणि एक पेटलेला दिवा. आत कुणीतरी बाई हळू आवाजात काही म्हणत होती. आणखी दहा-बारा पावलं. एवढंच राहिलं होतं.

तिने वळून पाहिलं. नदीपलीकडे ताई उभी होती, बोटाएवढी. काचबाईने हात वर केला. ताईनेही काहीतरी केलं. हात हलवला की जोडला, ते इतक्या लांबून कळेना.

ती पायऱ्या उतरून परत पाण्यापाशी आली.

"दादा, एक खेप आणखी कराल? तिला घेऊन या."

"येतील का त्या?"

"ठाऊक नाही. तुम्ही जाऊन विचारा तरी. माझं नाव सांगा. नको, नाव नको. म्हणावं, छोटीने बोलावलंय."

रिकामी होडी निघाली. काचबाई बघत राहिली. होडी लहान लहान होत काठाला लागली. नावाडी उतरला. ताई त्याच्याकडे वळली. दोघं बोलत होती. ताईची काठी एकदा उचलली गेली, एकदा या काठाकडे रोखली गेली. मग नावाडी होडीत बसला. एकटाच. होडी परत येऊ लागली तशी काचबाईने उगाचच डोळे बारीक केले, पुन्हा पुन्हा केले. एकच डोकं होतं.

होडी टेकली. नावाड्यानेच सांगितलं.

"म्हणाल्या, बावीस वर्षं तिने मला ताटकळत ठेवलंय. आता तिला बसू दे थोडं."

काचबाईने मान हलवली.

"आणि मला म्हणाल्या, उन्हं कलली की ये. तिघांना पुरेल ना होडी, लेकीला पण आणेन."

"नक्की असंच म्हणाल्या?"

"दोनदा म्हणाल्या. माझ्याकडून पाठच करून घेतलं. मास्तरीण होत्या काय त्या?"

ऊन अजून डोक्यावर होतं. नावाडी शेडमध्ये जाऊन आडवा झाला. काचबाई खालच्या पायरीवर बसली. मागे दार उघडं होतं, आतली बाई अजून काही म्हणत होती. ती आत गेली नाही. पलीकडे ताईही एका गोट्यावर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, तोंड इकडे करून.